शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : व्हिडिओ किती दाखवले, हे विचारू नका

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. भाषेच्या तासाला ऑनलाइन भाषणं दाखवावीत म्हणून वर्गात पडदा आला, स्पीकर आला आणि त्यांच्या मागोमाग एक तक्ताही आला. त्यात एक रकाना आहे : 'महिन्यात दाखवलेल्या व्हिडिओंची संख्या'. हे पत्र त्या रकान्याबद्दल आहे.

पहिल्या महिन्यात मी तिथे अकरा असं लिहिलं. कौतुक झालं. खरं सांगायचं तर त्या अकरा भाषणांतून माझ्या मुलांना टाळ्या कुठे पडतात एवढंच कळलं.

जरा हिशोब करून पाहा. यातली बरीचशी भाषणं टेड (TED) या भाषणांच्या जगप्रसिद्ध मंचावरची असतात. तिथे बोलायला साधारण 18 मिनिटांची मर्यादा असते. मिनिटाला 150 शब्द धरले तर 2,700 शब्द झाले. मार्सेला हू आणि पॉल नेशन या भाषा-अभ्यासकांनी 2000 साली वाचनाबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा तर त्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं त्यात दिसलं. म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी. वाचताना निदान मागे तरी जाता येतं. ऐकताना ते पन्नास शब्द वीस सेकंदांत निघून जातात, आणि माझ्या वर्गात त्यातले आठ-दहा तरी डोक्यावरून जातात. तिसऱ्या मिनिटाला मागचे बाक गप्पांना लागतात. मी असते तर मीही लागले असते.

मग एकदा तक्ता बाजूला ठेवला आणि एकाच भाषणातलं दीड मिनिट घेतलं. मातृभाषेतली सबटायटल्स बंद केली, कारण ती चालू असली की डोळे वाचत बसतात आणि कान सुट्टीवर जातात. मुलांना म्हटलं, ऐकू येईल तसं लिहा. पुन्हा वाजवलं, पुन्हा लिहा. एका वाक्यावर सगळे अडले : 'आय शुड हॅव आस्क्ड हर'. निम्म्या वह्यांत 'शुड ऑफ' होतं. पाचव्या-सहाव्यांदा वाजवल्यावर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तिथे 'ऑफ' बसणारच नाही. 'हॅव'च आहे, ती बाई ते गिळतेय." वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली मुलगी! मग ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे भाषणाचा शब्दशः लिहिलेला मजकूर, वाटलं, सगळ्यांनी आपापली वही तपासली, आणि पुढची दहा मिनिटं अख्खा वर्ग 'शुडव्ह, कुडव्ह, वुडव्ह' म्हणत 'हॅव' गिळायचा सराव करत होता. पुस्तकात हा शब्द कायम इस्त्री करून येतो, लोकांच्या तोंडी तसा येत नाही.

दुसऱ्या तासाला त्याच दीड मिनिटाच्या ट्रान्स्क्रिप्टवर, वक्ता जिथे थांबते तिथे पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि तिच्याबरोबर मोठ्यानं वाचलं. तिसऱ्या तासाला प्रत्येकानं स्वतःचं एक मिनिट बोलायचं ठरलं. हातवारे सगळ्यांनी उचलले, थांबणं कुणीच नाही. "थांबलं की विसरलोय असं वाटतं," एकानं सांगितलं. त्यावर आणखी एक तास गेला आणि तो सत्कारणी लागला.

या भाषणांत सगळंच मिळतं असं मी म्हणत नाही. ती घोटून तयार केलेली असतात. त्यांत कुणी मध्येच तोडत नाही, 'काय म्हणालात?' असं विचारत नाही. संवाद शिकवायला ती कामाची नाहीत, त्यासाठी दोन मुलं समोरासमोरच बसवावी लागतात.

आता मागणं. फाइल शाळेत उतरवलेली हवी, कारण नेट गेलं की तासही जातो. प्रत्येक भाषणासोबत माणसानं तपासलेलं ट्रान्स्क्रिप्ट हवं. यंत्रानं आपोआप उमटवलेल्या ओळी नेमक्या गिळलेल्या शब्दांवर आणि नवख्या उच्चारांवर घसरतात. आणि एक विनंती : भाषणांचे तुकडे कापून, त्यावर विभागाचं बोधचिन्ह लावून नवे व्हिडिओ बनवू नका. टेडची भाषणं 2006 पासून इंटरनेटवर मोफत आहेत, पण ती ज्या क्रिएटिव्ह कॉमन्स (काही अटींवर मोफत वापरू देणाऱ्या) परवान्याखाली मिळतात, त्यात फेरफार करून वाटायला मुभा नाही. मूळ भाषण चौथ्या मिनिटापासून वाजवून साडेपाचव्याला थांबवलं की आमचं भागतं. कुठे थांबवायचं, ते मात्र शिक्षकावर सोडा.

परीक्षेत ऐकण्या-बोलण्याला गुण नसतील तर हे सगळं हौसेपुरतंच राहील, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

या महिन्याचा तक्ता परवा द्यायचा आहे. त्या रकान्यात मी 'दीड मिनिट, चार तास' असं लिहिलं आहे. संख्या नाही म्हणून तो परत आला, तर कृपया आपल्याकडे मागवून घ्यावा.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका