स्टिरॉइडची सूचना डिस्चार्ज कार्डावर मराठीत हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कर्करोगाच्या रुग्णाला भेटायला आलेला जवळपास प्रत्येक जण ‘टेन्शन घेऊ नका, मन खंबीर ठेवा’ असे सांगून जातो. त्यामागची आपुलकी खरी असली, तरी रुग्णाचा थकवा, उडालेली झोप आणि चिडचिड हे सगळे मनाच्या दुबळेपणाच्या खात्यावर मांडण्याची आपली सवय शास्त्राला धरून नाही.

ताण आला की मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्यूटरी एसीटीएच हे संप्रेरक सोडते आणि त्यानुसार मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी असलेल्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाला तोंड देण्याचे संप्रेरक तयार करतात. निरोगी माणसाचे कॉर्टिसॉल जाग आल्यानंतर साधारण अर्ध्या तासात सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. कर्करोगात गाठीभोवतीच्या दाहातून रक्तात उतरणारी इंटरल्युकिन-६ सारखी द्रव्ये या यंत्रणेला सतत डिवचत राहतात. त्यात वेदना आणि झोपमोड यांची भर पडली की ही चढउताराची लय अनेक रुग्णांत सपाट होते. शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रियांच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजून स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली दाखवले की, ज्यांची लय सपाट होती त्यांचे आयुष्य तुलनेने कमी भरले. अर्थात, मन शांत ठेवले की आयुष्य वाढते, असे यातून सिद्ध होत नाही. अशी आश्वासने विकणाऱ्या शिबिरांच्या जाहिराती पाहताना हे लक्षात ठेवलेले बरे. फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात तर कधी कधी गाठ स्वतःच एसीटीएच तयार करू लागते आणि मग पोटॅशियम घसरणे, साखर व रक्तदाब वाढणे, मांड्यांतील ताकद जाणे असे प्रकार सुरू होतात.

मात्र हे पत्र लिहिण्याचे खरे कारण औषधांशी संबंधित आहे. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही कॉर्टिसॉलसारखेच काम करणारी स्टिरॉइडे कर्करोगाच्या उपचारांत सर्रास लागतात. केमोसोबत दोन-चार दिवस मिळणाऱ्या गोळ्यांची धास्ती नको. परंतु मेंदूतील गाठीची सूज उतरवण्यासारख्या कारणांनी त्या तीन-चार आठवड्यांहून अधिक चालल्या, तर शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल तयार होणे मंदावते. अशा वेळी चेहरा सुजला, साखर वाढली किंवा कुणीतरी ‘स्टिरॉइड वाईटच’ असे सांगितले म्हणून घरच्यांनी गोळी परस्पर बंद केली, की रुग्णाला ग्लानी, उलट्या, चक्कर येऊ लागते, रक्तदाब खाली जातो, आणि घरात मात्र ‘केमोचा त्रास असेल’ म्हणून वाट पाहिली जाते. हा प्रकार जिवावर बेतू शकतो. काही नव्या इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या) औषधांनी पिट्यूटरीला सूज येऊनही अशीच लक्षणे दिसतात.

पुण्यात सोलापूर, अहिल्यानगर, साताऱ्याकडून रुग्ण उपचारांसाठी येतात आणि कार्ड घेऊन गावी परततात. त्या कार्डावर इंग्रजीत औषधाचे नाव आणि पुढे ‘१-०-०’ एवढेच असते. मेडिकल दुकानदार पाकिटावर पेनने तेच उतरवतो. गोळी सकाळीच का घ्यायची (रात्री घेतली तर झोप उडते), ती टप्प्याटप्प्याने कशी कमी करायची, मधेच ताप आला किंवा उलटीमुळे गोळी पोटात राहिली नाही तर काय करायचे, यातले काहीच लेखी हातात पडत नाही. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने २०२० मध्ये अशा रुग्णांसाठी जवळ बाळगण्याचे आपत्कालीन स्टिरॉइड कार्ड सुरू केले.

शहरातील कर्करोग विभागांनी डिस्चार्ज कार्डावर ‘ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अचानक बंद करू नये’ हे वाक्य ठळक मराठीत छापावे आणि त्याखाली रात्री-अपरात्रीही उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक द्यावा. महापालिकेच्या आरोग्य खात्याने यात पुढाकार घ्यावा, ही विनंती.

आपली,
जीवरसायनशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
कोथरूड, पुणे