मराठी भाषा मंत्री साहेब, कणीची हळदसुद्धा सौद्याला लागते

मा. मराठी भाषा मंत्री साहेब, नमस्कार.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, वीस वर्षं हिशोबाच्या पट्ट्या लिहितोय, कवी बिवी नाही. शाळेत कविता पाठ केल्या त्या केल्या, नंतर संबंध आला तो लग्नपत्रिकेतल्या चार ओळींशी. तरी पण तुम्हाला कवितेबद्दलच लिहायला बसलोय, कारण विषय आमच्या घरात घुसलाय आणि आता निघायचं नाव घेत नाही.

माझा भाचा सांगलीवाडीला राहतो, आयटीआय करतोय, आणि त्याला रॅपचा नाद आहे. कानात ते दोन बोंडं घालून दिवसभर पुटपुटत असतो, बहीण म्हणायची ह्याला दृष्ट लागली का काय. तर जानेवारीत १४ ते २८ तुमच्या खात्याचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो त्यात एका ठिकाणी स्वरचित काव्यवाचनाची स्पर्धा होती (ठिकाणाचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत), ह्यानं फॉर्म भरला, मी सोबत गेलो. पोरगं स्टेजवर गेलं, म्युझिक नाही काही नाही, नुसतं बोटानं माइकच्या दांड्यावर ठेका धरला आणि सुरू झालं. चार ओळी झाल्या आणि टिंग करून घंटी. परीक्षक म्हणाले, "बाळ, छान आहे, पण हे रॅप आहे, ही कवितेची स्पर्धा आहे, हे गॅदरिंगला म्हण." नाव कटाप. पोरगं खाली आलं, काही बोललं नाही, बाटलीतलं पाणी प्यायलं आणि मोबाईल काढून बसलं.

आणि गंमत सांगू का, त्याच कार्यक्रमाचा शेवट पोवाड्यानं झाला. डफ, तुणतुणं, मागं जी जी र जी म्हणणारे दोघं, आणि तेच परीक्षक मांडीवर ताल धरून बसलेले.

खरं सांगतो साहेब, त्या दिवसापर्यंत मला पण रॅप म्हणजे कलकलाटच वाटायचा. गाडीवरनं घरी येताना आयर्विन पुलावर थांबलो, म्हटलं दाखव ते मोबाईलमधलं. दिव्याखाली वाचलं, हे बघा:

चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका
माळ्यावर चढला टीव्ही, खाली राहिला खोका
सत्तावन्नला गप झाली मोजणारी काठी
म्हस राहिली दाव्याला, आज्जी फिरली पाठी

बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे, आमच्याकडं पावसाळ्यात कृष्णा नदीच्या पाण्याची उंची ह्या पुलापाशी मोजतात, ४० फुटाला इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटाच्या वर गेलं होतं. सांगलीत लहान पोराला पण हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. आम्ही सगळ्यांनी ते वर्षानुवर्षं बातम्यांत, व्हॉट्सॅपवर, भोंग्यावर ऐकले, पण त्या सरकारी वाक्यात आधीपासनंच एक ठेका आहे हे कुणाच्या कानाला कळलं? ह्या पोराच्या. आता हे कवीचं काम नाही तर कुणाचं आहे?

मी अक्षरं बोटावर मोजली. मोठ्या अभंगाचं सहा सहा सहा चार असतं एवढं मास्तरांनी शिकवलेलं डोक्यात होतं, तर पहिल्या ओळीत सात आणि आठ भरली, दुसरीत नऊ आणि सात. म्हटलं अरे हे तर बसत नाही. तो म्हणाला, "मामा अक्षर नाही मोजायचं, ठोका मोजायचा," आणि पुलाच्या कठड्यावर टकटक करून दाखवलं, बरोब्बर बसलं. मग डोक्यात आलं की पोवाड्याची तरी अक्षरं कोण मोजतंय, तो डफावर चालतो. जात्यावरच्या ओवीत कुठं ओळ लांब कुठं आखूड, जात्याची घरघर तिला सांभाळून घ्यायची, आमच्या आजीच्या ओव्यांचा बीट म्हणजे ते जातंच की! आणि अमृतराय कवींचा कटाव म्हणजे यमकावर यमक टाकत एका दमात पळायचं, हे तर अठराव्या शतकातलं आहे. वामन पंडितांना लोक यमक्या वामन म्हणायचे, इतका त्यांना यमकाचा सोस. त्यांना कुणी घंटी वाजवली नाही.

रॅपवाल्यांची दुसरी ओळख म्हणजे समोरासमोर उभं राहून एकमेकाची जिरवायची, बॅटल म्हणतात. आमच्याकडं कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर काय करत होते? एकजण शक्ती मोठी म्हणणार, दुसरा शिव मोठा म्हणणार, रात्रभर सवाल-जवाब, ज्याला उत्तर जमलं नाही त्याची शोभा. रॅपवाले गाण्यात स्वतःचं नाव घालतात, ती शेवटी नाव ओवायची सवय तर संतांपासनं आहे.

हे सगळं अमेरिकेतनं आलेलं फॅड आहे असं परीक्षक नंतर चहा पिताना म्हणाले. आलंय की, मी कुठं नाही म्हणतोय, १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गरीब काळ्या पोरांच्या पार्ट्यांतनं सुरू झालं ते, भाच्याला सगळी हिस्ट्री पाठ आहे. पण गझल कुठं कृष्णेच्या काठी उगवली होती? सुनीत, म्हणजे सॉनेट, ते पण साहेबाच्या देशातनं आलं. दोन्ही आता आपल्या घरची झाली. केंड्रिक लामार ह्या अमेरिकन रॅपरला २०१८ ला तिकडचं पुलित्झर पारितोषिक मिळालं हे पण भाच्यानं सांगितलं, पण ते संगीताचं होतं, कवितेचं नव्हे, म्हणून तो पुरावा मी तुमच्यापुढं ठेवत नाही, उगाच वकिली नको.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल मामा भाच्याची बाजू घेतोय. बरंचसं रॅप भंगार असतं. मीच किती मोठा, माझी गाडी, माझी चेन, मधी दोन शिव्या, झालं रॅप. भाच्याच्याच मोबाईलमधली एकूण अकरा गाणी मी बीट बंद करून वाचली, त्यातली सात कागदावर आली की लगेच आडवी पडली. मग काय झालं? यार्डात हळद येते तेव्हा लांब लगडी असते, गोल गड्डा असतो, तुकड्यांची कणी असते. कणीला दर कमी पडतो, व्यापारी नाक मुरडतो, पण ती हळदच नाही, उचला इथनं असं आजपर्यंत एकाही व्यापाऱ्यानं म्हटलेलं नाही. तीही मांडतात, तिचाही सौदा निघतो. परीक्षकांनी माझ्या भाच्याला शून्य मार्क दिले असते तर मी हे पत्र लिहिलं नसतं देवाशप्पथ. त्यांनी दर पाडला नाही, पोतंच गेटातनं परत पाठवलं.

आणि ह्या जिल्ह्यात हे व्हावं ह्याचं जास्त वाईट वाटतंय. लावणीवाले पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, शाहीर अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, म्हणजे दोघं एकाच वाळवा तालुक्यातले. बापूराव तर कुलकर्ण्यांच्या घरातले, तमाशात गेले म्हणून त्यांना आपल्याच माणसांनी दूर केलं. जुन्या पोवाड्यांचा मोठा छापील संग्रह १८९१ ला निघाला तो अ‍ॅक्वर्थ नावाच्या गोऱ्या साहेबानं शाळिग्रामांबरोबर काढलेला, तोवर शाहीर गाऊन गाऊन पिढ्याच्या पिढ्या मेले होते. २०२५ ला दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष ताराबाई भवाळकर होत्या, आमच्या सांगलीच्या, ज्यांनी आयुष्यभर लोकसाहित्याचाच अभ्यास केला. त्या स्पर्धेच्या स्टेजवर अण्णा भाऊंचा फोटो होता, हार घातलेला, आणि त्या फोटोसमोर घंटी वाजली.

एक गोष्ट मात्र मला कळत नाही ती तुम्हीच सांगा. २०२३ ला राजकारण्यांवर टीका करणारं मराठी रॅप केलं म्हणून आपल्याच राज्यात दोन पोरांवर पोलिसांनी गुन्हे दाखल केले होते, पेपरात आलेलं. म्हणजे पोलिसांनी ते रॅप शब्द न शब्द ऐकलं असणार, अर्थ लावला असणार, रसग्रहणच म्हणा की. पोलीस ठाण्यात शब्दांना एवढी किंमत आणि काव्यवाचनाच्या हॉलात गॅदरिंगला जा?

मागणी लहान आहे. रॅप महोत्सव भरवू नका, हात जोडतो, मंडप, डीजे आणि कमानीवर वीस जणांचे फोटो, त्यात पोरांच्या शब्दांचं वाटोळं होईल. वेगळा पुरस्कार नको, अनुदान नको. पंधरवड्याच्या स्पर्धांसाठी खात्याकडनं ज्या सूचना निघतात त्यात एवढी एक ओळ टाका की स्वरचित मराठी रचना कुठल्याही प्रकारातली चालेल, रॅपसह. बस. मार्क द्यायचे का नाही ते परीक्षक बघतील. मराठीला २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तुमच्या लोकांनी पेढे वाटले, मी पण खाल्ला एक, छान होता. पण आयटीआयचं एक पोरगं रात्री जागून पुरावर मराठीत लिहितंय, त्याच्यासाठी हॉलात एक खुर्ची तरी ठेवा.

फॉर्म डिसेंबरात निघतात, तोवर टाइम आहे. ते म्हशीचं आणि आज्जीचं पुढं काय झालं ते दुसऱ्या कडव्यात आहे साहेब, घंटी त्याच्या आधीच वाजली.

आपला,
हळद बाजारातला एक दिवाणजी, सांगली