चि. सौ. वर्षास, दुसऱ्या घराच्या निमित्ताने

सांगली, बुधवार

चि. सौ. वर्षास अनेक आशीर्वाद.

गौरीविसर्जनाच्या दिवशी आपले बोलणे अर्धवट तुटले आणि तुम्ही तसेच पुण्याला निघालात, म्हणून हे लिहीत आहे. फोनवर बोललो तर माझा आवाज पुन्हा चढेल, आणि तुझ्या आईने आता तेवढी मुभा ठेवलेली नाही. दुसरे घर घ्यावे की न घ्यावे हा सर्वस्वी तुझा आणि अभिजितरावांचा प्रश्न आहे. त्यात पडायचे नाही असे ठरवूनच बसलो आहे.

तरीही अडतीच्या दुकानात जन्मभर खतावण्या लिहिलेल्या माणसाला आकडा ऐकून गप्प बसवत नाही. साठ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षे, म्हणजे महिन्याला ५२ हजारांचा हप्ता; त्यातले ४२,५०० रुपये पहिल्या महिन्यात नुसत्या व्याजाला जातात आणि मुद्दल जेमतेम साडेनऊ हजारांनी हलते. अखेरीस बँकेला सव्वा कोटी द्यावे लागतील. वारज्याच्या घराचे कर्ज फिटल्याचे तू यंदा कळवलेस, तेव्हा मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, हे तुला ठाऊक नसेल. माझ्या मुलीने चाळिशीच्या आत घर करून ते कर्जमुक्तही केले, हे सांगताना माझी मान अजून ताठ होते. पण त्या घरात तू निवांत बसलेली मी कधी पाहिली नाही. गॅलरीत सकाळचे कोवळे ऊन येते, तिथली घडीची खुर्ची मागच्या खेपेस मी उघडली, तर तिच्या बिजागऱ्या गंजून गेल्या होत्या.

तू रात्री किती वाजता झोपतेस? येथे होतीस तेव्हाही मागच्या खोलीतला दिवा दोन-दोन वाजेपर्यंत जळत होता.

हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवे तुला आठवतात का? तोंड अरुंद, आत मात्र प्रशस्त खोली; झाकण काढल्यावर आतली हवा खेळती झाल्याखेरीज कोणी उतरत नसे, आणि हळद वर्षानुवर्षे न किडता राही. आमचे शेठजी भाव चढला तरी पेव उघडू देत नसत, "अजून थोडे थांबू" म्हणत. २००५ च्या पुरात कृष्णेचे पाणी पेवांत शिरले आणि त्यांची सगळी हळद गेली. तुझ्या हप्त्यांतही पूर येईल असे मला मुळीच म्हणायचे नाही. हे उदाहरण येथे नीट बसत नाही, हे लिहितानाच कळते आहे. इतकी हळद असूनही ती आपली आहे म्हणून शेठजी एखादी दुपार स्वस्थ बसलेले मी पाहिले नाहीत, एवढेच मनात आले. उपदेश करायचा नव्हता, झाला. राग मानू नकोस.

तू मला अल्पसंतुष्ट म्हणालीस. असेनही. विश्रामबागेतला प्लॉट तुझ्या फीसाठी विकला, तेव्हा तुझ्या थोरल्या काकांनी हाच शब्द वापरला होता, वर वेडाही म्हणाले. आता तिथे चार मजली इमारत उभी आहे आणि भाजी आणायला मी तिच्यासमोरूनच जातो. खरे सांगतो, चुटपुट लागत नाही. क्वचित लागते, पण तू नोकरीला लागल्याच्या दिवशी आईला केलेला फोन आठवला की ती निघून जाते. तुला मोठे झालेले पाहावे असे मलाच वाटत होते, मग आता "पुरे" कोणत्या तोंडाने म्हणू? पण झोपेचे मात्र म्हणणारच.

घर घेण्याचे ठरलेच तर वास्तुशांतीची तारीख आधी कळव, आम्ही दोघेही येऊ. ओवीला गोड पापा.

तुझे,
बाबा

ता. क. : कर्ज बदलत्या व्याजदराचेच घे. तसल्या गृहकर्जावर मुदतीआधी फेड केल्यास बँकेला दंड लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासूनचा नियम आहे. तेव्हा बोनस आला की मुद्दलात भर. आणि रात्री अकराच्या आत दिवा मालवत जा.