काका-काकूंच्या आठवणीत चर्चला रॅम्प : मंडळीस आवाहन

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

सप्रेम सलाम.

काका प्रभूघरी गेले त्या दिवशी, घरात माणसं जमलेली असताना, काकूंनी पाळकसाहेबांना विचारलं, "आता रविवारी चर्चचं दार कोण उघडणार?" पुढचे काही महिने ते त्यांनीच उघडलं. मग त्याही गेल्या. त्यांना आपण काकांशेजारीच माती दिली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आपण सगळे स्वच्छ कपड्यांत, हातात बायबल घेऊन बंद दारापुढे उभे होतो, कारण किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दार उघडायचं, बाकं पुसायची, घंटा वाजवायची, त्या दिवसाच्या गीतांचे क्रमांक फळ्यावर लिहायचे, प्रभुभोजनाच्या टेबलावरचं कापड धुऊन इस्त्री करून आणायचं, उपासना संपल्यावर पेले विसळून कपाटात ठेवायचे. यातल्या एकाही कामावर त्यांची नेमणूक झालेली नव्हती. समितीने जुनी इतिवृत्तं चाळली, तर काका एका जागी सापडले, थोड्या काळासाठी खजिनदार म्हणून. काकूंचं नाव एकदाही नाही. ही चूक आपली आहे, आणि ती कबूल करूनच हे आवाहन लिहीत आहोत.

प्रेषित पौलाने ही चूक केली नव्हती. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याचा उल्लेख नव्या करारात 6 वेळा येतो आणि सहाही वेळा दोघांची नावं बरोबर येतात, काही ठिकाणी तर तिचं आधी. राहुट्या शिवून पोट भरणारी ही माणसं. रोममधून निघावं लागलं तशी करिंथात आली, तिथून इफिसास गेली, आणि जिथे राहिली तिथे त्यांच्या घरात मंडळी जमू लागली. अपुल्लोससारखा मोठा वक्ता भेटला, तेव्हा त्याला चारचौघांत न दुरुस्त करता दोघांनी आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. आपल्या तरुण संघातल्या अनेकांना हे वाचताना काकूंचं घर आठवेल. संडे स्कूलमध्ये पाठांतर चुकलं की त्या वर्गात काही बोलत नसत. संध्याकाळी घरी बोलावत आणि वचन येईपर्यंत बसवून घेत.

आता पायऱ्यांविषयी. चर्चच्या पुढच्या 5 पायऱ्या आपल्यातल्या बहुतेकांच्या लक्षातही येत नाहीत. काकांच्या येत. घंटा वाजवून झाली की ते खालच्या पायरीशी येऊन उभे राहत आणि म्हाताऱ्या माणसांना दंडाला धरून वर नेत. कुणी चाकाच्या खुर्चीतून आलं, तर तिघा तरुणांना हाक मारत आणि चौथा कोपरा स्वतः धरत. कफर्णहूमला चौघांनी एका पक्षघाती माणसाची खाट उचलून नेली, छप्पर उघडलं आणि त्याला येशूपुढे खाली सोडलं. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला तो भाग काकांचा फार आवडता होता.

शेवटच्या वर्षी काकांचे स्वतःचे पाय गेले. मला उचलू नका, तुमच्या पाठी दुखतील, असं म्हणून ते उपासनेच्या वेळी खाली दारासमोर खुर्ची टाकून बसत. काकू त्यांच्या शेजारी. आत गीत सुरू झालं की बाहेरून त्या दोघांचा आवाज यायचा. आपण तो ऐकत होतो आणि वर्षभरात रॅम्प बांधला नाही.

तो आता बांधायचा आहे. पायऱ्यांची एकूण उंची अडीच फूट आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाला आपल्या हातांनी चढता यावं, तर 1 फूट उंचीला निदान 12 फूट लांबी द्यावी लागते. म्हणजे आपल्याला 30 फूट उतार हवा. समोर एवढी सरळ जागा नाही. त्यामुळे तो बाजूच्या भिंतीला लागून वर नेऊन मध्ये वळवावा लागेल, आणि वळणावर खुर्ची फिरेल इतका, 5 फुटांचा सपाट टप्पा ठेवावा लागेल. रुंदी 4 फूट, दोन्ही बाजूंना कठडा, चाक घसरून खाली जाऊ नये म्हणून कडेला छोटी उंच पट्टी, आणि पावसात पाय सरकणार नाही असा खडबडीत पृष्ठभाग. कमी लांबीत, कमी खर्चात भागेल असं काहींनी सुचवलं. तसा रॅम्प दिसायला रॅम्प असतो, पण चढताना मागून ढकलायला माणूस लागतोच. समितीने त्याला नकार दिला आहे.

यासाठी आपली मदत हवी आहे. ज्याला जे जमेल ते. गवंडीकाम, सुतारकाम, लोखंडी कठड्याचं वेल्डिंग येणाऱ्यांनी आपले दिवस द्यावेत, त्याचं मोल पैशापेक्षा कमी धरू नये. देणगी खजिनदारांकडे द्यावी आणि पावती मागून घ्यावी. पैसे काढताना दोघांच्या सह्या लागतील आणि हिशेब मंडळीच्या सभेत वाचून दाखवला जाईल. काही शिल्लक उरली, तर ती आजारी माणसांना उपासनेस आणण्या-नेण्याच्या खर्चासाठी राहील. ज्यांच्या घरी सध्या ओढाताण आहे त्यांनी मनाला लावून घेऊ नये, कुणाच्याही दारी वर्गणी मागायला कुणी येणार नाही.

संगमरवरी पाटी लावावी, असा आग्रह पुष्कळांनी धरला. त्यावर समितीत बराच वेळ बोलणं झालं. काकांच्या मुलांना विचारलं, तेव्हा ती म्हणाली की आईला ते आवडलं नसतं. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू देऊ नये, हे वचन काकूंनी त्यांना लहानपणीच पाठ करून घेतलं होतं. म्हणून रॅम्पवर काका-काकूंचं नाव नसेल आणि देणाऱ्यांचंही नसेल.

नाव दगडावर नको, पण आठवणी हव्यात. गोरगरिबांना मदत करणारी यापो गावची दुर्कस वारली तेव्हा विधवा रडत प्रेषित पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे त्याला दाखवू लागल्या. आपल्याकडेही असं काही असेल. काकूंनी लिहिलेली चिठ्ठी, दवाखान्यात काकांनी तुमच्यासोबत काढलेली एखादी रात्र, जुना फोटो. लिहायला जमत नसेल तर सांगा, तरुण संघातली मुलं घरी येऊन आवाज टिपून घेतील. विशेषतः वयस्क मंडळींकडून हे लवकर हवं आहे.

आणखी एक मागणं आहे, ज्याला पैसा लागत नाही. काकूंची भेटीची वही मुलांनी चर्चला दिली आहे. कोण आजारी, कोण एकटं राहतं, कुणाच्या घरी मागे कधी गेलो होतो, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात आहे. शेवटच्या पानावरच्या बऱ्याच नावांपुढची जागा कोरी आहे. ही वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. ज्या घरी तुम्ही जाऊ शकाल, त्या नावापुढे आपलं नाव लिहा. पेन काकूंनी वहीलाच दोऱ्याने बांधून ठेवलेलं आहे.

आपली,
स्मृती समिती