अठ्ठ्याण्णव टक्के कशाचे?

नौपाडा, ठाणे

चि. ऋता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रोग्रॅम मानवी डीएनएतले कोडिंग आणि नॉन-कोडिंग भाग 98 टक्के अचूक ओळखतो, हे वाचून आनंद झाला. पण आयुष्य संख्याशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे लगेच मनात आले, की 98 टक्के कशाचे? मानवी जीनोममध्ये, म्हणजे माणसाच्या एकूण डीएनएमध्ये, ए, टी, जी, सी अशी सुमारे 310 कोटी अक्षरे आहेत आणि त्यांतली प्रथिनांचा संकेत वाहणारी, म्हणजे कोडिंग, दीड टक्क्याच्या आसपास. म्हणजे काहीही न तपासता सरसकट ‘नॉन-कोडिंग’ असे उत्तर देणारा प्रोग्रॅमही तुझ्या प्रोग्रॅमच्या पुढे जाईल.

तू पाठवलेले डीएनएचे तुकडे मी राम मारुती रोडवर छापून घेतले (फाइल बिघडली आहे, असे दुकानदाराने दोनदा बजावले) आणि लाल पेन्सिलीने तीन-तीन अक्षरे तोडत टीएए, टीएजी आणि टीजीए हे स्टॉप कोडॉन शोधत बसले (कोडॉन म्हणजे तीन अक्षरांचा शब्द आणि स्टॉप म्हणजे प्रथिनाचा संकेत जिथे संपतो तो). 64 कोडॉनांपैकी हे तीन, तेव्हा अक्षरे निव्वळ योगायोगाने पडली असती तर सरासरी 21 कोडॉनांमागे एक स्टॉप यायला हवा. जिवाणूंमध्ये जनुक बहुधा सलग असल्यामुळे शेकडो कोडॉन बिनथांब्याचे गेले की संशय फारसा उरत नाही. माणसाचे जनुक मात्र एक्झॉन नावाच्या सुट्या तुकड्यांमध्ये तुटलेले असते आणि पुष्कळ एक्झॉन दीडशे अक्षरांच्या, म्हणजे पन्नास कोडॉनांच्या आसपासचे असतात. एवढ्या लांबीत केवळ योगायोगाने स्टॉप न येण्याची शक्यता 61/64 चा पन्नासावा घात, म्हणजे सुमारे 9 टक्के; आणि डीएनएच्या दोन्ही धाग्यांवरच्या सहा रीडिंग फ्रेम (तीन-तीन अक्षरे कुठून तोडायला सुरुवात करायची, याच्या प्रत्येक धाग्यावर तीन तऱ्हा) परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर त्यांतली एक तरी मोकळी सापडण्याची शक्यता 40 टक्क्यांच्याही वर जाते. तेव्हा केवळ स्टॉपच्या अभावावर मी तरी निकाल देणार नाही.

कोडिंग भागात दर तीन अक्षरांनी ठरावीक नमुना पुन्हा उमटतो, या तीन अक्षरांच्या आवर्तनाचा तुझा निकष अधिक भक्कम आहे. फिकेट या संशोधकांनी 1982 मध्ये त्याच दिशेने कसोटी मांडली होती आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 मध्ये फूरिए विश्लेषणाने, म्हणजे असे आवर्तन आलेखात शिखरासारखे दाखवणाऱ्या गणिती पद्धतीने, जनुके शोधून दाखवली. मात्र दीडशे अक्षरांत ते शिखर गोंगाटात बुडते, म्हणून सहा-सहा अक्षरांच्या वारंवारितेची जोड द्यावीस.

आता मुख्य हिशेब. दहा हजार तुकड्यांत 150 कोडिंग आहेत, तुझी चाचणी त्यांतले 90 टक्के पकडते आणि उरलेल्या नॉन-कोडिंग तुकड्यांपैकी 5 टक्क्यांवर चुकून बोट ठेवते, असे समज. खरे सापडले 135, खोटे जवळजवळ 490. म्हणजे ‘कोडिंग’ म्हणून काढलेल्या पाचांतला जेमतेम एक खरा. तू निम्मे-निम्मे तुकडे घेऊन तपासले असतेस, तर हीच चाचणी 92 टक्क्यांहून अधिक अचूक दिसली असती, आणि ते दिसणे फसवे आहे.

तेव्हा पुढच्या मेलमध्ये एकच टक्केवारी न देता बरोबर पकडलेले, चुकून पकडलेले, बरोबर सोडलेले आणि चुकून सोडलेले अशा चारही आकड्यांचा तक्ता पाठव, आणि प्रोग्रॅमच्या प्रशिक्षणात वापरलेल्या जनुकांचे भाऊबंद (त्यांच्याशी साम्य असलेली जनुके) चाचणीच्या संचात शिरले नाहीत ना, तेही तपासून कळव. सर विचारण्याआधी मला कळलेले बरे.

तुझी,
आई