आत्यापाशी राहायला येण्याआधी

कोल्हापूर, 18 जानेवारी

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तू रजा टाकून महिनाभर आत्यापाशी राहणार, हे ऐकल्यापासून तिचा चेहरा खुललाय. फोनवर तू विचारलंस, "ती बरी होणार का गं?" कॅन्सर हाडांत आणि यकृतात पसरलाय. तो आता जाणार नाही, हे तिला ठाऊक आहे. पण अशा आजारातल्या माणसाचं बरं वाटण्याचं माप स्वतःचं असतं. रात्र सलग झोपेत जावी, घरातल्या गोष्टी आपल्याला विचारून व्हाव्यात, अबोला धरलेल्या भावाने एकदा येऊन बसावं. आल्यावर तिचं माप तिलाच विचार. माझं किंवा डॉक्टरांचं तिच्यावर लादू नको.

सगळ्यात आधी दुखणं. कळा येत असताना माणसाला देवही आठवत नाही आणि नातवंडंही नकोशी होतात. मॉर्फिनची साधी गोळी (हळूहळू सुटणारी नव्हे ती) अर्ध्या तासात लागू पडते आणि असर साधारण चार तास टिकतो. म्हणून सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा या वेळा घड्याळ लावून पाळ. रात्रीचा डोस डॉक्टरांनी दुप्पट लिहिलाय, त्यामुळे मध्यरात्री दोनला उठवावं लागत नाही. दुखलं की देऊ म्हणून थांबलीस तर कळ चढते आणि मग तीच गोळी पुरत नाही. मध्येच कळ आली तर द्यायचा जादा डोस चिठ्ठीवर वेगळा आहे. तो दिलास की वहीत वेळ लिही आणि किती दुखतंय याचा शून्य ते दहामध्ये तिने सांगितलेला आकडाही. दिवसात तीन-चारदा जादा गोळी लागू लागली तर वही डॉक्टरांना दाखव. आपल्या मनाने डोस वाढवायचा नाही आणि एकदम बंदही करायचा नाही.

डोस नवा असताना दोन-तीन दिवस गुंगी राहते, मळमळतं, मग ओसरतं. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून रेचकाची गोळी रोज रात्री, त्या दिवशी पोट साफ झालं असलं तरीही. इसबगोल कुणी आणून दिलं तर बाजूला ठेव. पाणी कमी जाणाऱ्या माणसाच्या पोटात ते घट्ट बसतं. हाका मारूनही जाग येत नसेल, श्वास फारच मंद झाला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या दिसत असतील, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना फोन कर. नातेवाईक "व्यसन लागेल" म्हणतील. दुखण्यासाठी, मोजून आणि देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन या आजारात क्वचितच लागतं. त्या भीतीने लोक गोळी लपवतात आणि पेशंट रात्रभर तळमळतो, याचा मला मनापासून राग येतो.

किती दुखतंय याबरोबर कसं दुखतंय हेही विचार. भाजल्यासारखं, मुंग्या आल्यासारखं किंवा शॉक बसल्यासारखं असेल तर ते नसेचं दुखणं. त्याला एकटं मॉर्फिन पुरत नाही, गॅबापेन्टिनसारखं औषध जोडावं लागतं.

आणि गोळ्या वाढवूनही आकडा सातावरून हलत नसेल तर? डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांना सांभाळणारं रुग्णालय, सुरू केलं. वेदना अंगाची असते, मनाची असते, नात्यांची आणि पैशाची असते, आणि 'माझ्याच वाट्याला का' या प्रश्नाचीही असते, असं त्या शिकवत. तेव्हा रात्री जागी असताना डोक्यात काय चालतं ते तिला विचार. बऱ्याचदा बँकेत नॉमिनी लावलेला नसतो, मृत्युपत्र करायचं राहिलेलं असतं, कुणाचे तरी पैसे द्यायचे असतात. असलं एक काम उरकलं की त्या रात्री झोप लागते. कागदपत्रं सकाळी दहा ते बारामध्ये काढ, तेव्हा तिला तरतरी असते.

जेवणावरून घरात भांडणं होतील. या टप्प्यावर शरीर अन्न नीट वापरू शकत नाही, त्यामुळे कोंबून वजन वाढत नाही, उलट्या वाढतात. लहान वाटीत, दिवसातून पाच-सहा वेळा, मागेल ते दे. पांढरा रस्सा चार चमचे मागितला तर मिरी कमी घालून दे. तांबडा तोंडातल्या फोडांना झोंबेल. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायला लाव. पाणी रोज नवं कर.

बघायला येणारे म्हणतील, "पॉझिटिव्ह राहा, लढ, कॅन्सर पळून जाईल." 2007 साली डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या 1,093 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मन किती उभारीत आहे यावर आयुष्य लांबल्याचं त्यात दिसलं नाही. मन चांगलं असावं ते त्या दिवसासाठी. पण रडली म्हणून आजार वाढला, असं तिला कुणी म्हणू देऊ नको. तशी कुणी सुरुवात केली तर त्यांना बाहेरच्या खोलीत चहाला बसव.

अंगारा कपाळाला लावू दे, तोंडात नको. जोतिबाचा गुलाल लांबून. गावठी भस्मं आणि काढे मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाहीत. काहींत शिसं-पारा असतो. तिला अंबाबाईचा किरणोत्सव बघायचाय. 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं मूर्तीवर येतात तो. निघण्याआधी अर्धा तास जादा डोस द्यायचा का ते डॉक्टरांना आधी विचारून ठेव. चाकाची खुर्ची, उलटीची पिशवी, पाणी आणि पुढच्या वेळची गोळी बरोबर हवी. ऐनवेळी "नको" म्हणाली तर ओढून नेऊ नको.

माँट्रियलचे डॉक्टर बाल्फोर माउंट यांनी गंभीर आजाऱ्यांशी बोलून 2007 मध्ये मांडलं, की माणूस सावरतो तो जोडलेपणामुळे: स्वतःशी, आपल्या माणसांशी, भोवतालच्या जगाशी, आणि ज्याला तो सर्वांत मोठं मानतो त्याच्याशी. आत्याच्या बाबतीत तुझ्या हातात यातलं बरंच आहे. खाट खिडकीकडे वळव. लोणच्याचं प्रमाण तिलाच विचार, तुला आठवत असलं तरी.

एक गोष्ट मात्र नक्की कर. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनॉव्ह यांची ही पद्धत आहे. तिची परवानगी घेऊन मोबाईलवर अर्धा ते एक तास बोलणं रेकॉर्ड कर. आयुष्यातलं सगळ्यात जिवंत वाटलेलं काय, कशाचा अभिमान आहे, मुलांना काय सांगून ठेवायचंय, एवढे प्रश्न पुरतात. खोलीत तिसरं माणूस नको; लोक सनावळ्या दुरुस्त करत बसतात आणि ती गप्प होते. गुंगी असेल तो दिवस सोडून दे. मग सगळं लिहून काढ, तिला वाचून दाखव, ती म्हणेल ते खोड. कुणाला द्यायचं ते तिने ठरवायचं.

मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. 2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा सुधारल्यापासून मान्यता मिळालेली हॉस्पिटलं ते ठेवतात, पण चिठ्ठी लागतेच. गोळ्या आठवडाभराच्या उरल्या की नवी चिठ्ठी घे, सुट्ट्या बघून.

तुझी,
आई