धुरे पेटवू नका, गिरीपुष्प लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैशाखात आमच्या दारव्हा तालुक्यात रात्री जिकडेतिकडे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, पेटलेले दिसतात. गवत जळतं, धुरा साफ होतो, पण मातीला धरून ठेवणारं काही उरत नाही. मग आषाढातल्या जोराच्या पावसात धुरा फुटतो आणि वरच्या वावरातली माती नाल्यात जाते. आमची जमीन बरड, उताराची. वीतभर माती, खाली मुरूम. तीही गेली तर पराटी (कपाशी) गुडघ्याच्या वर येत नाही.

म्हणून आम्ही धुऱ्यावर गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) लावलंय. झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं, पण तुरीसारखंच शेंगवर्गीय. मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र जमिनीला मिळतो. माघ-फाल्गुनात पानं झडलेल्या फांद्या फिकट गुलाबी फुलांनी भरतात, मधमाश्या दिवसभर तिथंच. पावसाळा सरल्यावर झाडांच्या चढाकडच्या बाजूला मातीत हात घालून पाहा, अडलेला गाळ मऊ लागतो, त्यात गांडुळं असतात. पेरणीआधी कमरेइतक्या उंचीवर छाटून पाला वावरात पसरला की पावसात थोड्याच दिवसांत नुसती देठं राहतात. वाळल्या पाल्यात अडीच-तीन टक्के नत्र असतो. घरोघरी जनावरं कमी झाली, शेणखत विकत घ्यावं लागतं, अशा वेळी हा पाला फार मोलाचा. मात्र छाटणी चुकवू नये, कडेच्या तासांवर, म्हणजे पिकाच्या ओळींवर, सावली पडते.

मागच्या वैशाखात शेजारची आग वाऱ्यानं आमच्या धुऱ्यावर आली. कोवळी रोपं होरपळली. काही बुडातून फुटली, बरीच गेली. फार जीव तुटला.

रोपवाटिकेत विचारलं तर साग आहे, बांबू आहे, गिरीपुष्पाला मागणी नाही म्हणाले. फांदी खोचूनही हे झाड लागतं, पण बियांच्या रोपाचं मूळ खोल जातं, धुऱ्यासाठी तेच हवं. म्हणून ग्रामपंचायतींनी रोजगार हमीच्या कामांत ही रोपं धरावीत. फाल्गुनात पिशव्या भरल्या तर मृगापर्यंत रोपं तयार होतात. बी विकत आणायचीही गरज नाही. शेंगा तडकल्या की बी दूर उडतं, त्यामुळे ज्यांच्याकडे झाडं आहेत त्यांनी शेंगा पिवळ्या पडताच तोडून, वाळवून गावासाठी ठेवाव्यात. आणि या वैशाखात निदान झाडं असलेल्या धुऱ्याजवळ तरी कोणी काडी लावू नये, ही हात जोडून विनंती.

– एक शेतकरी महिला, ता. दारव्हा, जि. यवतमाळ